जीवरामभाऊंची निळी बटणं

कीबोर्ड घ्यायला येणारं गिऱ्हाईक सगळ्यात आधी दिवे बघतं. बटणांखालून उजेड येतो का, तो नाचतो का, नाचता नाचता रंग बदलतो का. बोटाखाली काय लागतं हे विचारणारा माणूस मला जळगावात दुकान टाकल्यापासून बारा वर्षांत फार तर पाच-सहा वेळा भेटला असेल. बाकीच्यांवर मी मनातल्या मनात चिडतो आणि वरून हसून माल बांधून देतो. धंदाच तो.

तरी हौसेने मी एक लाकडी पाटी करून ठेवली आहे. गेम खेळणाऱ्यांच्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा वेगळा स्विच असतो, त्यातले नऊ प्रकार तिच्यावर ओळीने बसवलेत. लाल स्विच दाबला की सरळ खाली जातो, वाटेत काही लागत नाही. तपकिरी दाबताना मध्येच बोटाला एक बारीक गाठ लागते, म्हणजे बटण लागलं हे तळाशी जायच्या आधीच कळतं. निळ्याला गाठ तर असतेच, शिवाय प्रत्येक दाबाला खट्ट असा आवाज. पोरं यावरून तासन्‌तास वाद घालतात आणि शेवटी दिवे बघून घेतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अशी पाटी फक्त माझ्याकडे आहे असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. आजवर कोणी तपासायला गेलेलं नाही.

ती पाटी ज्यांनी खऱ्या अर्थाने वापरली अशी माणसं दोन. त्यातले पहिले जीवरामभाऊ.

जीवरामभाऊ मूळचे चोपडा तालुक्यातले. आयटीआय करून फिटर झाले आणि एका जिनिंगमध्ये लागले. लांबलचक शेडमध्ये ओळीने चोवीस जिन. चामड्याचे रोलर कापूस ओढून घेतात, रुई एकीकडे येते आणि सरकी खाली पडते. चोवीस यंत्रं एकदम चालली की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी आणि डोळ्यांनी बोलतात. कुठे बिघाड आहे हेही कानाने कळत नाही. फिटर यंत्राच्या अंगावर तळवा ठेवून उभा राहतो आणि कोणता रोलर घासतोय ते हाताला समजतं. जीवरामभाऊंनी हे सव्वीस हंगाम केलं. आपले कान कधी गेले हे त्यांना स्वतःलाच कळलं नाही, कारण कामावर कान लागतच नव्हते. लग्नाघरी, मयताघरी लोक काय बोलतात ते समजेना तेव्हा लक्षात आलं, आणि तोवर फार उशीर झाला होता.

कानाचं मशीन त्यांनी घेतलं होतं. ते शिट्टी मारतं आणि पंख्याचाच आवाज मोठा करतं, म्हणून आता कपाटात असतं. बायको, रत्नाबाई, त्यांच्यासमोर उभी राहून ओठ सावकाश हलवून बोलायची, तेवढं त्यांना कळायचं. ती जाऊन आठ वर्षं झाली. जिन बंद पडली, जीवरामभाऊ जळगावला पिंप्राळ्यात धाकट्या भावाच्या घरी राहायला आले आणि एका दाल मिलच्या गेटवर सकाळच्या पाळीला बसू लागले. बहिरा वॉचमन म्हणून लोक हसतात, पण त्या गेटमधून फुकट काही बाहेर गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्यांची एक सवय सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला ते मान हलवतात. पुन्हा विचारलं की माणसं वैतागतात, मोठ्याने ओरडतात, मग चार लोक वळून बघतात. मान हलवली की समोरच्याचं समाधान होतं आणि तो आपल्या वाटेने जातो. मला हे फार उशिरा उमगलं.

दुकानाच्या पुढच्या बाजूला मी एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवतो. त्यावर पाच विरुद्ध पाच असा एक गेम चालायचा. दुपारी ड्युटी संपली की जीवरामभाऊ सायकल लावून समोर उभे राहायचे आणि बघायचे. पंधरा दिवस नुसतं बघितलं. मला वाटलं, वेळ जात नसेल बिचाऱ्याचा. सोळाव्या दिवशी ते आत आले आणि पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं, जिथे खेळणाऱ्यांचे निरोप एकाखाली एक पडत असतात. त्यांना आपला आवाज कळत नाही, त्यामुळे ते बोलतात ते सगळ्या दुकानाला ऐकू जातं.

"आठे बठ्ठा लिखीसन बोलतस," ते म्हणाले.

इथे सगळे लिहून बोलतात. मी त्यांना खुर्ची दिली ती त्या वाक्यासाठी. महिन्याभरात त्यांनी माझ्याकडून एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि कीबोर्ड निवडायला बसले.

असा निवडणारा मी आधी पाहिला नव्हता, पुढेही पाहीन असं वाटत नाही. त्यांनी पाटी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि एकेका स्विचवर बोट ठेवून तो अगदी सावकाश खाली नेला, सावकाश वर येऊ दिला. लालवर नाक मुरडलं. त्यात कळतच नाही म्हणाले, लागलं की नाही लागलं. तपकिरीवर थांबले, दोनदा मागे आले. निळ्यावर बोट गेलं आणि तिथेच राहिलं. दहा-बारा वेळा दाबला असेल. निळ्याची गाठ तुटते ती एकदम, चक्क बोटाला झटका देऊन. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मलाच बरं वाटलं.

मी म्हणालो, भाऊ, हा फार वाजतो, घरात माणसं आहेत, चालेल का? त्यांनी मान हलवली. आता खरं सांगायचं तर हे म्हणताना मी खाली वाकून खोकं शोधत होतो. माझे ओठ त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. बारा वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाला एवढी अक्कल नसावी याची मला आजही लाज वाटते.

सोबत मी माईकवाला हेडफोनही दिला. ते नको म्हणाले असते, पण पडद्यावरच्या चित्रांत सगळे खेळाडू हेडफोन घालतात, मग त्यांनाही हवा होता. घरी जाऊन सगळं मीच जोडून दिलं.

जीवरामभाऊ चांगले खेळायला लागले. वेगाची कामं त्यांना जमत नव्हती, पण त्या गेममध्ये एक जण मागे राहून सगळ्या नकाशावर लक्ष ठेवतो, कोणावर कुठून हल्ला येतोय ते बघतो आणि खुणा टाकतो. चोवीस जिनवर एकाच वेळी डोळा ठेवलेल्या माणसाला हे काय अवघड. चार महिन्यांत धुळ्याकडच्या चार जणांनी त्यांना आपल्या टीममध्ये घेतलं. चौघं पंचविशीच्या आतबाहेरची. त्यांना जीवरामभाऊंचं वय माहीत नव्हतं, कान माहीत नव्हते. टीमचा नियम असा की खेळताना सगळ्यांनी हेडफोन लावून इंटरनेटवरच्या बोलण्याच्या खोलीत हजर असायचं. जीवरामभाऊ हजर असायचे. ते कधी बोलले नाहीत, चुकले की त्यांना निरोपात मुबलक शिव्या पडायच्या. त्या शिव्या त्यांनी मला दुकानात येऊन, मोबाईलवर फोटो काढून आणून दाखवल्या. एवढं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आठ वर्षांत त्यांच्यावर कोणी रागावलंही नव्हतं, सगळे फक्त त्यांना वगळून जात होते.

असं दीड वर्ष चाललं. मग एका सकाळी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, सुनंदाबाई, दुकानात आली.

तिने पदर डोक्यावर घेतलेला होता आणि कपाळाला घट्ट फडकं बांधलेलं होतं. तिला अर्धशिशीचा त्रास. दुपारी तीनपासून जेवणाच्या वेळेपर्यंत भिंतीपलीकडून खटखट खटखट येते, घरात कोणाला काही सुचत नाही, असं तिने सांगितलं. मी म्हणालो, मग त्यांना सांगा. माझ्याकडे तिने अशा नजरेने पाहिलं, जणू मी काहीतरी वेडंवाकडं बोललो होतो.

"जेठले मी कशी सांगू?"

खानदेशातल्या घरांत धाकटी सून जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. पूर्वी सगळीकडेच होतं, आता बऱ्याच घरांतून गेलं, या घरात राहिलं होतं. एका छपराखाली राहून तिने त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं होतं, आजारपणात औषध ठेवलं होतं, पण एक शब्द समोर बोलली नव्हती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, त्याला काय, तो मान हलवेल. तिला भांडण नको होतं. भाऊंचा खेळ बंद व्हावा असंही तिला वाटत नव्हतं. फक्त आवाज न करणारं काही असेल तर गुपचूप बसवून द्या, एवढंच.

"त्यास्ले समजू देऊ नका, हितूभाऊ," ती जाताना म्हणाली.

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला वाटलं मी दोघांचंही भलं करतोय. ज्या आवाजाचा मालकालाच पत्ता नाही, तो काढून घेतला तर त्याचं काय जाणार होतं? माझ्याकडे मुके स्विच होते. बोटाला गाठ लागते, आवाज नाही. या कीबोर्डातले स्विच सोल्डरचा डाग न देता चिमट्याने उपटून बदलता येतात, तासाभराचं काम. जीवरामभाऊंना मी कागदावर लिहून दाखवलं की कीबोर्ड आणा, साफ करून देतो. त्यांनी विश्वासाने आणून दिला. मी खोटं बोललो, एवढं इथे नोंदवतो.

परत न्यायला आले तेव्हा त्यांनी दोन-चार बटणं दाबली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दाबली.

"हाऊ नरम पडना," ते म्हणाले.

साफ केलाय म्हणून तसं वाटतं, असं मी या वेळी नीट समोर बघून, ओठ हलवून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं त्यांना पटलं.

पुढच्या तीन आठवड्यांत ते दुकानात आले नाहीत. आले तेव्हा चालू कॉम्प्युटरसमोर बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. मी वहीत लिहून विचारलं, टीम काय म्हणते? त्यांनी मोबाईल काढून दाखवला. ग्रुपमधून तुम्हाला काढण्यात आले आहे, अशी एक ओळ. तिच्या वर शिवी नव्हती, कारण नव्हतं. त्यांनी स्वतःच कारण शोधून ठेवलं होतं. म्हणाले, वय कळलं असेल. मीही म्हणालो, असेल. पोरांचा काय भरवसा, असंही काहीतरी म्हणालो. धुळ्याच्या चार अनोळखी पोरांना मी त्या दिवशी मनापासून लाखोली वाहिली.

मग ते रोज यायला लागले, आधीसारखे. सायकल लावायची, समोर उभं राहायचं, बघायचं. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी दुकानात एक मुलगी आली. मृणाली नाव. धुळ्याला देवपुरात एका औषधाच्या दुकानात कामाला आहे, मावशीकडे आली होती, पाटीचं कोणाकडून तरी ऐकलं होतं. तिने दिव्यांकडे पाहिलंही नाही. पाटी उचलून कानाशी धरली आणि एकेक स्विच दाबत गेली. जीवरामभाऊ बोटाने निवडत होते, ही कानाने. लाल, तपकिरी, पिवळा, सगळे सोडले. निळ्यावर थांबली, परत दाबला, परत दाबला.

"हाच," ती म्हणाली. "असाच होता."

मी विचारलं, कोणाचा? मग तिने सांगितलं. ती ज्या टीममध्ये खेळते तिच्यात एक जण होता. त्याने दीड वर्षात तोंडातून एक अक्षर काढलं नाही, पण त्याचा माईक चालू असायचा आणि कीबोर्ड सतत वाजायचा. हल्ली असा आवाज गाळून टाकायची सोय असते, पण त्याने ती कधी लावलीच नसावी. (मीच लावली नव्हती.) सुरुवातीला ते चिडायचे, मग सवय झाली, मग त्या आवाजावरच ते खेळायला लागले. शांत चाललं असेल तर टक, टक, अशी एक चाल असायची. कोणावर हल्ला येताना दिसला की ती एकदम वाढायची, आणि त्याची खूण पडद्यावर उमटायच्या आधी हे चौघं सावध झालेले असायचे. त्याला ते खटखट म्हणायचे. खेळ सुरू करताना विचारायचे, खटखट, आहेस ना? आणि आवाज यायचाच, कारण त्याची बोटं कधी स्वस्थ नसायची. त्यांना वाटायचं तो उत्तर देतोय. मुका असेल बिचारा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मग एके दिवशी आवाज बंद झाला. हे विचारायचे, आहेस ना? उत्तर नाही. खेळतोय तर दिसतोय, पण उत्तर नाही. लागोपाठ हरले. बाकीचे म्हणाले, याला माज आलाय. स्पर्धेसाठी नावं द्यायची होती. त्यांनी त्याला बोलून सांगितलं, तीन दिवस रोज सांगितलं, की उत्तर दे, नाहीतर दुसरा घेतो. तो गप्पच राहिला. मग दुसरा घेतला.

"तो नवा चांगला खेळतो," मृणाली म्हणाली. "पण मॅचमध्ये तो आवाज कानात असला की मागे कोणीतरी आहे असं वाटायचं. आता वाटत नाही. म्हटलं, मीच घेते एक."

माझ्या हातातलं काम तसंच राहिलं. मी तिला सांगितलं की तो माणूस याच दुकानासमोर रोज उभा राहतो, त्याला ऐकू येत नाही, अजिबात येत नाही, आणि त्याचा आवाज मी काढून घेतला. सगळं एका दमात सांगितलं. ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ पाटीवरचा तो निळा स्विच नुसताच चाचपत राहिली. मग म्हणाली, त्यांना सांगा नावं दिली गेलीत, पण राखीव म्हणून एक जागा आहे.

त्या संध्याकाळी मी उपटलेले निळे स्विच डबीत घालून पिंप्राळ्याला गेलो. आधी सुनंदाबाईला दारात गाठून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आत गेली. मी जीवरामभाऊंच्या खोलीत बसलो आणि वहीत लिहायला लागलो. दोन पानं भरली. त्यांनी चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट फिरवत वाचलं. सुनंदाबाईचं वाचून पुढच्या ओळीवर गेले. माझ्या खोटेपणाचं वाचून म्हणाले, माले समजनंतं. मुके स्विच बोटाला त्याच दिवशी कळले होते. त्यांना वाटलं होतं घरातल्या कोणाला तरी त्रास होत असेल, म्हणून बदलले असतील, म्हणून मान हलवली. मग टीमचा भाग आला. तिथे त्यांचं बोट थांबलं.

"त्या माले ऐकेत?"

ते मला ऐकायचे? मी मान हलवून हो म्हटलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. डोळे भरले तरी त्यांनी पुसले नाहीत, वाचतच राहिले. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं की मृणालीला आता सगळं ठाऊक आहे.

त्यांनी वही मिटली. माझ्याकडे वर पाहिलं. त्यांचा आवाज पहिल्यांदा हळू झाला होता, स्वतःला ऐकू येत नसताना तो त्यांनी कसा हळू केला कोण जाणे.

"बहिरा शे, हाई बी सांगी दिनं?"

ते बहिरे आहेत हेही मी सांगून बसलो होतो. तेव्हा मला कळलं की मी दोनदा चोरी केली होती. जगात एकच जागा अशी होती जिथे ते बहिरे नव्हते. चुकले तर शिव्या खाणारे, हल्ला ओळखणारे, मागे उभे राहणारे एक खेळाडू होते. ती जागा परत मिळवून द्यायच्या घाईत मी तिचाच पाया काढून टाकला. मी वहीत सॉरी लिहिलं. त्यांनी ते वाचून मान हलवली, आणि त्या मानेचा अर्थ आता मला चांगला कळत होता.

मी चिमटा काढला आणि मुके स्विच उपटून निळे बसवायला घेतले. अर्धं काम झालं असेल तेवढ्यात सुनंदाबाई आत आली. काखेत एक जाड गोधडी. दाराच्या चौकटीला वर दोन खिळे ठोकून तिने ती आतून टांगली. मग जीवरामभाऊंच्या समोर येऊन उभी राहिली, पदर थोडा मागे सारला म्हणजे तोंड नीट दिसेल, आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "भाऊ, वाजाडा." जीवरामभाऊ तिच्याकडे बघतच राहिले. ती लगेच बाहेर निघून गेली.

स्पर्धेचे सामने रविवारी दुपारी असतात, सगळे आपापल्या घरून खेळतात. पहिल्या रविवारी मी दुकान बंद ठेवून जीवरामभाऊंच्या खोलीत गेलो. राखीव खेळाडूला खेळता येत नाही, फक्त बघता येतं. ते वीस मिनिटं आधीच हेडफोन लावून बसले होते. मी माझा हेडफोन दुसऱ्या वायरीने जोडला आणि ऐकू लागलो.

जे ऐकलं ते सांगायला नको वाटतं. नव्या पोराला चौघं हक्काने झापत होती, हसत होती. जीवरामभाऊंसाठी पडद्यावर निरोप यायचे, "काका नमस्कार", "काका कसे आहात", "काका तब्येत सांभाळा". दीड वर्षांत त्यांना कोणी तब्येत विचारली नव्हती. ते प्रत्येक निरोप वाचत आणि खाली नमस्कार टाकत. शिवी एकही आली नाही. पोरं चांगली होती, म्हणूनच आली नाही. मला मात्र वाटत होतं, कोणीतरी एक सणसणीत शिवी हाणावी.

सामना सुरू झाला. जीवरामभाऊंची बोटं चालू झाली. त्या बटणांनी आता गेममध्ये काहीही होणार नव्हतं, तरी ते नकाशावर नजर रोवून एकच बटण दाबत होते. टक, टक. डावीकडून हल्ला येताना दिसला तशी बोटं वाढली. हेडफोनमध्ये बोलणं मध्येच थांबलं, कोणीतरी नव्या पोरावर ओरडलं, डावीकडे बघ, डावीकडे. ते वाचले. जीवरामभाऊंना हे काहीच कळलं नाही. चाल पुन्हा सावकाश झाली.

मग मृणालीचा आवाज आला. लिहून नाही, बोलून. तिला ठाऊक होतं ऐकू जाणार नाही, तरी तिने जुन्या सवयीने विचारलं.

"खटखट, आहेस ना?"

मी जीवरामभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि वहीत लिहिलं, विचारतेय, आहेस ना. त्यांनी वाचलं. बोटं उचलून घेतली. क्षणभर खोलीत काही वाजत नव्हतं. मग त्यांनी एकच बटण, एकदाच, मुद्दाम दाबलं. दीड वर्षात त्यांनी दिलेलं हे पहिलं उत्तर. पलीकडून त्यांचा माईक बंद करा असं कोणी म्हणालं नाही.

जीवरामभाऊ बोट तसंच बटणावर ठेवून माझ्याकडे वळले.

"कसा शे तो आवाज?"

मी वही पुढे ओढली. पेन हातात धरलं. खट्ट असं लिहिलं आणि खोडलं. जो आवाज मी दिवसातून शंभर वेळा ऐकतो, तो सांगायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. त्यांनी डोळे मिटले, बटण पुन्हा सावकाश खाली नेलं आणि वर येऊ दिलं.

"पत्रावर सरकी पडस," ते म्हणाले, "तसा शे का?"

ते मोठ्या आशेने माझ्या तोंडाकडे बघत होते. मी जन्मात कधी जिनमध्ये पाऊल टाकलेलं नाही. सरकी पत्र्यावर पडताना कशी वाजते ते मला माहीत नाही. मी मान हलवली.